मुकी पट्टी

लंडनमध्ये पियानो वाजवून नाव काढलेला ऑस्बर्न लेझामा पोर्ट ऑफ स्पेनला परतला तो भीत भीतच. उद्या संध्याकाळी गावातल्या मोठ्या सभागृहात त्याचा जॅझचा कार्यक्रम होता, आणि गेल्या हिवाळ्यापासून डाव्या हाताची अनामिका दगा देत होती. मधूनच सूर गळायचा. तो कधी थंडीला बोल लावी, कधी पियानोला. डॉक्टरकडे मात्र गेला नव्हता. तो काय सांगेल याचीच धास्ती.

दुपारी तो गावातल्याच बेलमाँट वस्तीत टँटी युलालीकडे गेला. आई गेल्यावर याच आत्यानं त्याला वाढवलं होतं, पियानोही तिनंच शिकवला. दमट हवेनं लाकूड फुगू नये म्हणून पियानोच्या पोटात अजूनही विजेचा दिवा जळत होता.

"या साहेब! हात धू आणि वाजव बघू. पेपरवाले लिहितात, मधेच काय थांबतो, काय ती शांतता! मेल्यांना काय ठाऊक, वाळवीची करामत आहे ती."

ऑस्बर्नला हसू आलं. या पियानोची डावीकडची एक पट्टी वाळवी लागल्यानं तो लहान असल्यापासून मुकी होती. तिथे गळणारा सूर त्याच्या कानात असा बसला की पुढे चांगल्या पियानोवरही तो ती जागा रिकामी सोडू लागला. तीच त्याची शैली ठरली, तिच्यावर रेकॉर्डी खपल्या. आज ती पट्टी त्याला देवासारखी भेटली. इथे सूर गळाला तर कोण नाव ठेवणार?

तो वाजवू लागला. टँटीचा दंडक जुनाच होता: पट्टी मुकी असली तरी दाबायची, हाताला कामचुकारपणा शिकवायचा नाही. दर फेरीला तो अनामिका तिथे नेत होता, दर फेरीला शांतता. त्याच्या जिवाला बरं वाटलं. उगाच भ्यालो, बोट नीट खाली जातंय, ठणठणीत आहे.

"ती पट्टी दाबत का नाहीस रे?" टँटीनं विचारलं.

"दाबतोय की! मुकीच आहे ना ती."

टँटी उठली, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि आपलं वाकडं बोट त्या पट्टीवर आपटलं. स्वच्छ सूर घरभर घुमला.

"तू येणार म्हणून दुरुस्त करून घेतली," ती हळूच म्हणाली. "हात दे इकडे."

हात न देता ऑस्बर्ननं अनामिका पुन्हा पट्टीवर ठेवली, डोळे मिटले आणि होती नव्हती ती ताकद लावली. बोट खाली गेलं असं त्याला वाटलं. मग त्यानं डोळे उघडून पाहिलं. पट्टी जागची हललीसुद्धा नव्हती.