खोक्यातली चौकी

मी चौकी बोलतेय. रेल्वेच्या फाटकाशेजारी फाटकवाल्याला राहायला देतात ना, दोन खोल्या, पुढे दोन पायऱ्या, मागे धुराडं, तसली चौकी. फक्त खरीपेक्षा सत्त्याऐंशी पटींनी लहान, तळहातावर मावेन एवढी. आणि आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलायला आलेली नाही. नऊ वर्षं मी एका खोक्यात तोंड मिटून काढली. आता तोंड उघडलंच आहे, तर राग बाहेर पडणारच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी साच्यात गरम प्लास्टिक ओतलं आणि चार चौकटींना लटकलेले माझे त्रेसष्ट तुकडे बाहेर पडले. भिंती, छपराचे दोन पत्रे, दार, सहा खिडक्या, आणि नखाएवढं एक बाकडं. ते बाकडं साच्यातून निघतानाच मोडलं होतं. खोकी भरणाऱ्या बाईंच्या ते नजरेत आलं. त्यांनी दुसऱ्या चौकटीतून धड बाकडं काढून माझ्यात ठेवलं.

"कशाला एवढं बघत बसता? कोणाला कळणार आहे?" शेजारची म्हणाली.

"अगं, एक तुकडा कमी पडला तर कोणाचा तरी अख्खा रविवार वाया जाईल," बाई म्हणाल्या.

बिचाऱ्या! त्यांना वाटलं, कोणीतरी रविवारी हौसेनं मला जोडायला बसेल. माझ्या जागी त्यांनी खोक्यात विटेचे तुकडे भरले असते, तरी नऊ वर्षं कोणाला पत्ता लागला नसता.

दुकानात मी फार दिवस राहिले नाही. एका संध्याकाळी माझा मालक आला. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दिवसभर लोकांचे दात केसाएवढ्या फरकानंही चुकू न देता बसवायचा, इतका हात सफाईदार. त्याला छोट्या आगगाड्यांचा नाद होता. त्यानं मला उचललं, खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला.

"ही तर अगदी आमच्या वडिलांची चौकी," तो दुकानदाराला म्हणाला. "माझा जन्म असल्याच चौकीत झाला. खिडकीसुद्धा त्याच बाजूला आहे, बघा."

त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू? मलाही भरून आलं. वाटलं, मी योग्य माणसाच्या हातात पडले.

घरी त्याची एक वेगळी खोली होती. मधोमध टेबलावर मांडणी: रुळांचं एक वळण, एक बोगदा, एक स्थानक. फार तर दहा-बारा घरं बसतील एवढी जागा. त्यानं मला नाकाशी धरून नव्या खोक्याचा वास घेतला, हलवून आतले तुकडे वाजवून पाहिले आणि फडताळात ठेवून दिलं. वरचा चकचकीत कागदही काढला नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. खालपासून वरपर्यंत खोकीच खोकी. मालधक्के, गोदामं, गिरण्या, पूल, शाळा, पिठाची चक्की. एकशे चाळीसच्या वर. सगळी कागदात गुंडाळलेली. मांडणीवर मात्र उभी होती फक्त चार घरं, आणि त्यांच्यावरही धूळ.

दर पंधरा-वीस दिवसांनी नवं खोकं यायचं. प्रत्येकाचा वास घेतला जायचा, प्रत्येकाला हलवून पाहिलं जायचं, आणि मग फडताळ. मला उशिरा कळलं, की या माणसाची हौस दुकानातून घरी येईपर्यंतच टिकते. खोकं काखेत असतं तेवढा वेळ तो चौकी बांधत असतो, गाव वसवत असतो, मनातल्या मनात. दार उघडून आत आला की गाव बांधून झालेलं असतं.

तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. त्यानं नवं खोकं आणलं, आणि ती मीच होते! तीच चौकी, तेच चित्र. मी घरात आहे हे तो साफ विसरला होता. दोन खोकी शेजारी ठेवून तो ओशाळं हसला आणि म्हणाला, "असू दे. जोडी झाली."

वडिलांची चौकी म्हणे! वडिलांची चौकी कोणी विसरतं का?

फडताळं भरली तशी खोकी जमिनीवर आली. त्या खोलीच्या कोपऱ्यात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. ती पडदे शिवायची, चांगलं काम होतं तिचं. एक दिवस मशीन बोळात गेलं. बोळ म्हणजे बाहेरच्या खोलीतून आत जायची अरुंद वाट.

"थोडेच दिवस गं," तो म्हणाला.

"तुमचे थोडे दिवस मला माहीत आहेत," ती म्हणाली. पण मशीन तिनंच ओढत नेलं.

पुढे खोलीला लागून असलेल्या संडासाच्या दारापुढेही खोकी रचली गेली. मीही त्याच थप्पीत खाली आले. छातीवर एक पूल आणि दोन गिरण्या. तशी पाच वर्षं.

मग मालकाचा मोठा भाऊ राहायला आला. सगळे त्यांना दादाच म्हणत. आयुष्यभर मालगाडीवर गार्डची नोकरी केलेला माणूस. बायको आधीच गेलेली, आणि आता उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात लुळा, पाय ओढत वॉकर धरून चालायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संडास जवळ असलेली खोली द्या.

"आठ दिवसांत खोली रिकामी करतो दादा," मालक म्हणाला.

दादांची कॉट बाहेरच्या खोलीत पडली, दाराच्या समोर. येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जायचा. संडासाला जायचं तर सगळा बोळ पार करून पलीकडच्या दुसऱ्या संडासात. ज्या माणसानं चाळीस-चाळीस डब्यांच्या गाड्या सांभाळल्या, तो शर्टाची बटणं दुसऱ्याकडून लावून घ्यायला लाजत होता आणि त्याला घराच्या दारात झोपवलं होतं. आणि खोलीत कोण आरामात पसरलेलं? आम्ही! रिकाम्या गिरण्या आणि न बांधलेली गोदामं! मला स्वतःचीच चीड येत होती.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. त्या तीन महिन्यांत खोलीत आणखी पाच खोकी आली.

एका दुपारी दादा वॉकर टेकत खोलीत आले. थप्पीच्या तळाशी खोक्याच्या कडेवर माझं चित्र छापलेलं होतं. ते बघतच राहिले.

"बाळ्या, ही तर आपली चौकी रे!"

मालकाचं वय अठ्ठावन्न, पण दादांना तो बाळ्याच. बाळ्यानं मला थप्पीतून काढून त्यांच्या मांडीवर दिलं.

"ही बघ खिडकी," दादा म्हणाले. "तू इथे बसून डबे मोजायचास. अकरापर्यंत जायचास आणि पुन्हा एकपासून. गाडी आली की आई चुलीवरचं पातेलं धरून ठेवायची. चल, बांधू या. मी सांगतो काय कुठे होतं ते."

"आत्ता नको दादा. आपल्या चौकीला साधं काम नाही चालायचं. आधी योग्य रंग आणतो, काजळीचे डाग नीट यायला हवेत. नंतर निवांत बसू."

आणि त्यानं मला दादांच्या मांडीवरून उचललं. ते "नंतर" ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली. अरे, तुझ्या भावाकडे बघ! त्याच्याकडे किती नंतर उरलेत?

पुढच्या रविवारी मालक प्रदर्शनाला गेला. कसलं, ते सांगायला नको. दुपारी त्याची बायको खोलीत आली, मला घेतलं आणि थेट दादांच्या कॉटवर ठेवलं.

"भाऊजी, उघडा."

"तो रागावेल गं."

"रागावू दे. मला नऊ वर्षांचा राग आहे, त्यांचा एक दिवसाचा असेल."

तिनं पडद्याच्या कापडाला लावायची कात्री खोक्याच्या कागदात घातली. नऊ वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला! ती चौकटीतून तुकडे कापत होती, दादा डाव्या हातानं गोंद लावत होते. लुळा उजवा हात ते दुसऱ्या हातानं उचलायचे आणि चिकटवलेल्या भिंतीवर वजन म्हणून ठेवायचे. "चला, याला काहीतरी काम मिळालं," म्हणून हसायचे. खिडकीच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटला. एक भिंत बाहेरच्या बाजूला कलली. मला त्याचं काहीही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या चारही भिंती उभ्या होत्या.

मालक परत आला. काखेत दोन खोकी.

"हे काय? सील फोडलंत?"

"चौकी बांधतोय," दादा म्हणाले.

"अरे दादा, काचेवर गोंद गेलाय! भिंत बघ कशी झालीय. मला विचारायचं तरी!"

"दुसरी आहे ना तुमच्याकडे, अगदी अशीच," बायको म्हणाली. "ती ठेवा जपून."

"ती जोडी होती!"

दादांनी हातातला छपराचा पत्रा हळूच खाली ठेवला. "चुकलं रे बाळ्या," एवढंच म्हणाले. शंभर वेळा तुडवलं असतं मला तरी इतकं दुखलं नसतं. मालकानं मला उचललं, "मी नंतर सुधारतो" म्हणाला आणि कपाटावर ठेवून दिलं. बिनछपराची.

त्यानंतर आठवडाभरात दादा बोळात पडले. वॉकरचा पाय शिलाई मशीनच्या पायात अडकला. मशीन बोळात का होतं, हे आता मी पुन्हा सांगायला हवं का? हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. दादांची मुलगी आली. तिनं ती खोली उघडून पाहिली, दार परत लावलं आणि वडिलांची पिशवी भरायला घेतली.

"काका, तुमच्याकडे जागा नव्हती असं सांगितलं असतंत तरी चाललं असतं," ती म्हणाली.

 

दादा लेकीकडे गेल्यावर दोनच दिवसांनी मालकाच्या बायकोनं मला कपाटावरून काढलं, उरलेले तुकडे पुडीत बांधले, पडद्याच्या चिंध्यांत मला गुंडाळलं आणि दादांच्या पत्त्यावर पाठवून दिलं. नवऱ्याला विचारलं नाही. मशीनही तिनं त्याच दिवशी ओढत खोलीत नेलं आणि त्याच्या जागेपुरती खोकी उचलून मांडणीवर रचली. स्थानक दिसेनासं झालं.

आता मी दादांच्या लेकीकडे, त्यांच्या खिडकीत असते. मला पूर्ण व्हायला चार महिने लागले. दिवसाला एक तुकडा, कधी तोही नाही. छपराला फट आहे. बाकडं तिरकं बसलंय. दादा रोज चहा पिताना माझ्याकडे बघतात.

गेल्या रविवारी मालक आला. प्रथमच. हातात खोकं. "दादा, तुझ्यासाठी. पाण्याची टाकी, चौकीशेजारी छान दिसेल."

दादांनी खोकं घेतलं, दातात कागद धरला आणि टर्रकन फाडला. मालकाचा हात आपोआप पुढे झाला, अडवायला. मी पाहिलं ते.

"बस," दादा म्हणाले. "हे कटर. मला कापता येत नाही, तू काप."

"आत्ता?"

"मग कधी?"

मालक बसला. लोकांचे दात बसवणारा तो हात, पण नऊ वर्षांत त्यानं एक तुकडा जोडला नव्हता. टाकीचा पहिलाच पाय कापताना पायाचा कोपरा उडाला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"खराब झाला, दादा."

"होऊ दे. पुढचा घे."

तेव्हा मला कळलं. बंद खोक्यातली चौकी कधी बिघडत नाही. त्याला तीच हवी होती. भित्रा! एवढ्या भीतीपायी त्यानं बायकोला बोळात बसवलं आणि भावाला दारात झोपवलं. कळलं म्हणून माझा राग गेला नाही. उलट वाढला.

तासाभरात टाकीचे तीन पाय लागले. "चौथा पुढच्या रविवारी," म्हणून तो गेला. माझा विश्वास नाही. नाही आला तर दादा लावतील, वाकडा का होईना.

पण माझी जुळी बहीण अजून तिथेच आहे, आणि तिच्यासोबत तीनशेच्या वर भावंडं. तुमच्याही घरात असतील असली खोकी, नाही म्हणू नका. आणि त्यांच्यामुळे कोणीतरी बोळात उभं असेल. आमची माफी मागू नका, आमच्यावरची धूळ पुसू नका, आमच्यासाठी नवं फडताळ तर मुळीच करू नका. उघडा. बिघडवा आम्हाला. नाही तर वाटून टाका आणि खोली रिकामी करा, आज, त्या माणसाला हाक मारता येते आहे तोवर.