थोरला गेल्यावरचं गाणं

चष्म्याची काच घासताना चाकावर पाण्याची धार धरावी लागते. त्या धारेच्या तालावर चष्मेवाल्याने आजवर कितीतरी गाणी रचली होती. सगळी एकाच फुटबॉल क्लबाच्या नावाने बोटं मोडणारी. त्या क्लबाला देशभर ‘थोरला’ म्हणत. दरवर्षी चषक थोरलाच न्यायचा, आणि दरवर्षी त्याला शिव्या घालायला बाकीची गावं मैदानं भरून टाकायची.

या मोसमात थोरला शेजारच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये निघून गेला. त्याच्याविना आपली लीग जगेल का, यावर वर्तमानपत्रांत रोज काथ्याकूट चालला होता. चष्मेवाल्याचा प्रश्न त्याहून लहान होता. गावच्या क्लबाच्या सेक्रेटरीने बजावून ठेवलं होतं, “पहिल्याच सामन्याला पूर्वेचा स्टँड ओस पडला, तर त्याला कुलूप. रिकाम्या बाकांची राखण कोण करणार?” त्याच स्टँडात, वडिलांच्या खांद्यावर बसून, चष्मेवाला पहिलं गाणं शिकला होता.

पहिला सामना पलीकडच्या गावाशी होता. तिथे गाणी रचायचा त्याचा सख्खा मेव्हणा, पाट्या रंगवणारा. सामन्याच्या दिवशी तो बहिणीकडे जेवायला आला. नखांत निळा रंग तसाच होता.

“दाजी, आता हो कसं? भांडायला कोणी उरलंच नाही.”

“तू आहेस की.”

“माझ्याशी? मी तर पाहुणा!”

चष्मेवाल्याची बायको वाढता वाढता म्हणाली, “सासू होती तोवर तुम्ही दोघी जावा गळ्यात गळे घालून रडत होतात. आता सासू गेली ना? मग भांडा की एकदाचं. कळू दे तरी, कुणाच्या जिभेला धार आहे ते.”

दोघे हसले, आणि खाली मान घालून जेवले.

दुपारी स्टँडात माणसं आली, बरीचशी सवयीने. सवयीनेच कुणीतरी थोरल्याला हिणवणारं जुनं गाणं सुरू केलं. समोरच्या स्टँडाने ते उचललं. त्यांच्याकडेही तेच होतं. दोन गावं एका सुरात ज्याच्यावर तुटून पडली, तो मैदानात नव्हताच. खेळाडू वळून वळून बघू लागले, कोण आलं म्हणून.

गाणं संपलं. मग नुसता चेंडूचा आवाज, आणि गवतात बुटांचा. मागच्या रांगेतली माणसं कपडे झटकत उठली. दाराशी सेक्रेटरी कुलूप घेऊन उभा होता.

चष्मेवाला बाकावर चढला. पाहुण्याला उणं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. समोर मेव्हणा दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. चष्मेवाल्याने आवाज लावला:

“मेव्हण्याच्या गावात बाई, गोलाला नाही दार,
वाऱ्यासंगे चेंडू येतो, होतो आरपार!”

उठलेली माणसं उभ्या उभ्या हसली. पहिल्या रांगेने ओळ उचलली, मग सगळ्या स्टँडाने. समोर मेव्हणा ताडकन उभा राहिला, आणि त्याच्या ओळी त्याच्या स्टँडाने उचलल्या:

“दाजींच्या गावात बाई, चष्म्यांचा बाजार,
खेळाडूंना चेंडू दिसेना, नंबर झाला चार!”

“अरे, जेवून गेलास ना आत्ता!” चष्मेवाला ओरडला. ते समोर ऐकू जाणं शक्य नव्हतं. एव्हाना जाणारे परत बसले होते, आणि बाहेर रस्त्यावरचे दोघे-चौघे हा कसला गलका म्हणून आत डोकावत होते.

सामना बरोबरीत सुटला. चांगला झाला नाही. पास चुकत होते, पाय अडखळत होते. पण शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी हललं नाही, आणि दोन्ही गावांचे घसे बसले.

बाहेर पडताना सेक्रेटरीने कुलूप खिशात टाकलं.

“पुढचा सामना बंदरवाल्यांशी,” तो चष्मेवाल्याला म्हणाला. “तिथे तुमचं कोणी नात्यातलं?”

चष्मेवाल्याला धड बोलता येत नव्हतं. “अजून नाही,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पण भाची लग्नाची आहे.”