सत्तावीस नंबरची सुई

औषध दिलेल्या बारा उंदरांपैकी चार नवव्या-दहाव्या दिवशी मेले. रघुनंदन सरांनी कारण ठरवून टाकलं, "गाठ जास्त आवळली गेली. शस्त्रक्रियेतली चूक. हे चार मोजायचे नाहीत."

गाठी मारल्या होत्या नागराजअण्णांनी. गेली अठरा वर्षं ते हेच करतात. उंदराच्या महाधमनीला लागून सत्तावीस नंबरची सुई ठेवायची, दोन्हींभोवती रेशमी धागा बांधायचा आणि लगेच सुई ओढून घ्यायची. उरते सुईएवढी वाट. तिच्यातून रक्त ढकलताना हृदय फुगतं, मग थकतं. आमचं औषध ते थकणं थांबवतं का, हाच प्रश्न होता.

"सर, दोन दिवसांत मेला तरच शस्त्रक्रियेचा मृत्यू, असं आपणच आधी लिहिलंय."

"निवेदिता, पीएचडी करायचीय ना?"

त्यांनी गाठ जास्त आवळल्याच्या कबुलीचा कागद अण्णांसमोर सरकवला. अण्णा खिशातलं पेन शोधू लागले.

"अण्णा, सही करताय?"

"स्वल्प, थोडी शांत हो, अक्का. जूनमध्ये कंत्राट संपतंय. उंदीर काय उठून साक्ष देणार आहेत?"

माझं डोकं फिरलं. सरांवर आणि तितकंच अण्णांवर. मी शीतपेटीतून चारही उंदीर काढले. ते वितळेपर्यंत सर दोनदा डोकावून गेले.

पहिल्याची छाती उघडली. फुप्फुसं पाण्यानं जड, वजन नेहमीच्या दुप्पट. हृदयही तसंच सुजलेलं. मग धमनी कापून धाग्याचं कडं गाठीसकट अलगद काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि सत्तावीस नंबरची सुई अण्णांच्या हातात दिली.

"घाला आत."

सुई कड्यातून आरपार गेली, कुठेही न अडकता. गाठ जास्त आवळली असती तर गेली नसती. बाकी तिघांची फुप्फुसं आणि हृदयंही तशीच निघाली. दुसरं कडं, तिसरं, चौथं. चारही वेळा गेली.

"चारच तर उंदीर आहेत," सर दारातून म्हणाले.

"बारातले चार, सर. हृदय थकूनच मेलेत. आपलं औषध घेऊन."

अण्णा अजून भिंगात पाहत होते. मग त्यांनी तो कागद उलटा केला, पाठीवर चारही कडी चिकटपट्टीनं डकवली, खाली तारीख घातली.

"सही हवी होती ना, सर?" त्यांनी विचारलं आणि कड्यांखाली ठसठशीत सही केली. शेजारी मी माझी केली.