भूमितीच्या पेपराला मी कसा उपयोगी पडलो

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. मध्यप्रांतावर गोऱ्या साहेबाचा अंमल होता, तेव्हापासून नागपूरच्या एका सरकारी हायस्कुलात, मॅट्रिकच्या वर्गात, अगदी शेवटच्या रांगेत. चांद्याच्या जंगलातलं सागवान. बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात ठोकलेली. लाकूड उत्तम, स्वभाव मात्र मत्सरी. पहिल्या रांगेतल्या बाकांचा मी हेवा केला. मास्तरांच्या खुर्चीचा केला. खडूच्या डबीचाही केला, कारण तिला निदान कुणी शोधत तरी असे.

माझ्याकडे येत ते नापास. नियमच होता तसा. शाळेच्या चाचणी परीक्षेत सगळ्या विषयांत पास होईल, त्याचाच फॉर्म मॅट्रिकला जाई. उरलेले पुन्हा वर्षभर माझ्याकडे. रुपराव तर इतका राहिला, की त्याला मिशा माझ्यासमोर फुटल्या. वेळ जाईना म्हणून त्याने चाकूने माझ्या लिहायच्या फळीवर नाव कोरलं. मग आडनाव, मग गाव. जागा उरली तिथे बैलजोडी.

अशात उत्तरा आली. मुलींच्या शाळेत भूमिती नव्हती, म्हणून ती आमच्या शाळेत. आणि मुलांच्या बाकावर मुलगी नको, म्हणून तिच्यासाठी भिंतीशी वेगळा, नवा कोरा बाक. त्याला वॉर्निश, त्याला रोज फडकं. मला फडकं लागे ते शाई सांडली तरच. त्याच्याकडे बघून मी इतका कुढलो, की माझा एक खिळा सैल झाला.

वाळवीला मात्र वॉर्निशचं कौतुक नसतं. चाचणीत, भूमितीच्या पेपराच्या सकाळी उत्तरा बसली आणि त्या बाकाचा पाय मोडला. मला झालेला आनंद मी लपवत नाही. रिकामा होतो मी एकटाच, कारण रुपरावला मारोतराव मास्तरांनी परीक्षेपुरतं पुढे, आपल्या नजरेखाली घेतलं होतं.

उत्तरा माझ्याकडे आली. या वर्षी फॉर्म गेला नाही, तर तिचे वडील गणपतराव तिचं लग्न उरकणार, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. तिने कागद मांडला, कंपासचं टोक टेकवलं. ते बैलाच्या शिंगात रुतलं आणि कागद फाटला. दुसराही तसाच गेला. तेव्हा ती उठली, माझ्या मागे फरशीवर बसली आणि कागद बसायच्या फळीवर ठेवला.

मारोतराव मास्तर लगबगीने आले.

"काहून वं, खाली काहून बसली? परीक्षेत बाकावरच बसा लागते."

"वर काढलं तर वर्तुळाले शिंगं फुटून राहिले, मास्तर."

पुढून रुपराव उभा राहिला. "राहू द्या जी तिले खाली. त्या बाकावर बसून काय होते, ते मी दरसाल पाहून राहिलो."

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

वर्षानुवर्षं नापासांनी बसून बसून माझी ती फळी अशी गुळगुळीत केली होती, की पहिल्या रांगेतही तिची बरोबरी नव्हती. उत्तराची वर्तुळं तिच्यावर गरगरीत उतरली. पुढचे सगळे बाक त्या दिवशी माझ्यावर जळत असणार. मी जळू दिलं.

ती पास झाली. फॉर्म गेला. पण मॅट्रिकची परीक्षा दुसऱ्याच शाळेत. तिथे ती कोणत्या बाकावर बसली, मला कुणी सांगितलं नाही. तो बाक मी पाहिलेला नाही, तरी त्याचा मला आजही हेवा वाटतो. तरीपण मित्रांनो, तो कधी तुमच्या वाट्याला आला, तर त्याच्यावर चाकू चालवू नका. तुमच्यानंतर तिथे कुणाला वर्तुळ काढायचं असेल.