एकोणसाठ टक्के

तिने डिलीटची कळ दाबली आणि स्क्रीनकडे बघत राहिली. काहीच झालं नाही असं वाटलं. नवरदेव होता तिथेच उभा होता, करड्या कोटात, नव्या बायकोचा हात हातात घेऊन. पण एक पायरी मागे जाऊन पुन्हा कळ दाबली की फरक कळायचा. तो किंचित फिका झाला होता, बऱ्याच वेळा धुतलेल्या सदऱ्यासारखा.

ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. फोटोतल्या माणसाभोवती सिलेक्शन केलं की त्याच्या कडेने तुटक रेघ चालू लागते, मुंग्यांच्या रांगेसारखी. पण तेच सिलेक्शन अर्ध्याहून कमी ताकदीचं ठेवलं, तर मुंग्या दिसत नाहीत. माणूस पुरता घेरलेला असतो आणि शेजारून बघणाऱ्याला पत्ता नसतो. तिने दहा टक्क्यांचं ठेवलं होतं. एकदा कळ दाबली की नवरदेवाचा दहावा भाग जाई आणि खालचं पांढरं पान तेवढं वर येई. पुन्हा दाबली की उरलेल्याचा दहावा भाग. कितीही वेळा दाबा, पुरता नाहीसा तो होतच नसे. हे तिला फार आवडलं होतं. एका झटक्यात पुसून टाकणं कुणालाही जमलं असतं.

अल्बम चाळीस पानांचा होता. पहिल्या पाच पानांवर तिने त्याला हात लावला नाही. सहाव्यापासून कळ एकदा, पंधराव्यापासून दोनदा, असं करत शेवटच्या पानांवर पाचदा. कागदावर गुणाकार मांडून पाहिला, तर शेवटी तो एकोणसाठ टक्के उरत होता. एकोणीस वर्षं तो तिचा नवरा होता तेव्हाही शेवटी शेवटी साधारण तेवढाच उरला होता.

नव्या बायकोशी तिचं भांडण नव्हतं. तिच्या हनुवटीवरची पुटकुळी तिने प्रत्येक पानावर निगुतीने काढली होती.

लॅबमध्ये गावोगावच्या फोटोग्राफरांकडून कामं येत. फोटो कोण दुरुस्त करतं हे ग्राहकाला माहीत नसे, तसं याही ग्राहकाला नव्हतं. चार दिवसांपूर्वी मालकांनी पाकीट टेबलावर ठेवलं तेव्हा तिने नाव वाचलं, उठून दोन पेले पाणी प्याली आणि म्हणाली, "हे मी करते." मालकांना बरं वाटलं. लग्नाची कामं ती एरवी टाळायची.

"ताई, कुठवर आलं?" मालकांनी आताही मागून विचारलं. त्यांचा चष्मा नेहमी कपाळावर असायचा आणि ते तो नेहमी शोधत असायचे.

"सदतिसावं पान."

"मुलगी घालायचीय तेच ना? केस मोकळे असले तिचे तर कडा सांभाळा. आणि हात मोजा. मागे त्या नवरीला तीन हात छापून गेले होते."

"त्यांची तक्रार नव्हती आली."

"कशी येईल? सासरची माणसं खूश होती."

मालक अल्बम तपासायचे तो असाच. डोकी मोजायची, हात मोजायचे, मग पुढचं पान. फिका होत जाणारा माणूस कसा मोजतात ते त्यांना माहीत नव्हतं.

तिने कामाचा कागद पुन्हा वाचला. 'पान ३७. ग्राहकाची मुलगी उजवीकडे घालणे. जुना फोटो सोबत. त्यातली बाजूची बाई काढणे.' अक्षर फोटोग्राफरचं होतं आणि शब्दही बहुधा त्याचेच असणार. तिने ते नवऱ्याचे धरले होते. तसं धरलं की काम भराभर होत होतं.

नवऱ्याने कधी आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. मग झालं तरी काय, असं लोक विचारत. सांगण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं, की एका संध्याकाळी ती खोलीत बसून बटणं शिवत होती, त्याने दारातून आत बघितलं, दिवा बंद केला आणि निघून गेला. "अगं, तू आहेस हे लक्षातच आलं नाही," तो नंतर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गोष्ट होती. पण हे ऐकून लोक म्हणायचे, "एवढंच?"

जुना फोटो सहा वर्षांपूर्वीचा होता. बागेतलं बाक, मुलगी सोळाची, हसून डोळे बारीक झालेले, आणि मागून तिच्या खांद्यावर हात टाकून बाजूची बाई. या फोटोची एकच प्रत होती आणि ती मुलीच्या खणात असायची. म्हणजे घर सोडताना नवऱ्याने आपल्या सामानात ढापली असणार. सकाळी हे लक्षात आल्यावर सदतिसाव्या पानावर तिने कळ जरा जोरातच दाबली होती.

बाईला काढायचं म्हणजे आधी लेयरचं, फोटोच्या त्या थराचं, कुलूप काढावं लागतं. ते तसंच ठेवून पुसलं तर जागी पांढरा रंग येतो आणि वाटतं, मागे भिंत असेल. कुलूप काढून पुसलं की करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात. म्हणजे तिथे खरोखर काही नाही. तिने लोकांचे मेव्हणे काढले होते, मोडलेल्या साखरपुड्यातले मुलगे काढले होते. स्वतःला काढायला अकरा मिनिटं लागली. हाताखालचा खांदा मुळात फोटोत नव्हताच, म्हणून मुलीचा दुसरा खांदा उलटा करून तिथे बसवला. काम सुरेख झालं. तेच मनाला जास्त लागलं.

"आई, किल्ली दे. माझी आत राहिली."

मुलगी दारातून थेट टेबलाशी आली होती. स्क्रीन झाकायला वेळ मिळाला नाही.

"किल्ली आत, तू बाहेर. छान संसार करशील."

"तुझंच बघून शिकले." मुलगी वाकली. "हे बाबांचं? तुमच्याकडे आलंय?"

"आलंय. त्याला माहीत नाही, आणि तू सांगायचं नाहीस."

"नाही सांगत." ती आणखी वाकली. "आजारी होते का गं? असे काय दिसताहेत?"

"उजेड तसा होता."

"तिच्यावर बरा नीट पडलाय उजेड."

आईने माउसखालचं पॅड सरळ केलं, मग पुन्हा सरळ केलं.

"तुझ्या खणातला फोटो त्याने कधी उचलला, ते विचार त्याला एकदा."

"उचलला नाही. मी पाठवला."

"तू?"

"त्यांनी तीनदा फोन केला. म्हणाले, लग्नाला आली नाहीस, निदान फोटोत तरी ये. म्हटलं, येते."

"जायचं नाही म्हणून तूच तर हटून बसली होतीस."

"मला जायचं होतं." मुलगी स्क्रीनवरच्या स्वतःकडे बघत होती. "तू दिवसभर एकटी काय करत बसली असतीस, म्हणून नाही गेले."

बाजूच्या यंत्रातून छापलेली पानं एकामागून एक ट्रेमध्ये पडत होती. आईने हात लांब करून त्यांचा गठ्ठा सारखा केला.

"मग मी नसलेला एकही फोटो मिळाला नाही तुला?"

"तू असलेल्यातच हसतेय मी. बाकीच्यात ओळखपत्रावरच्यासारखी दिसते." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा खांदा कुठून आणलास?"

"तुझाच आहे. पलीकडचा."

"कळत नाही."

"कळू नये याचाच पगार मिळतो."

मुलीने पर्स स्वतःच उघडून किल्ली काढली. दारापर्यंत जाऊन थांबली.

"आई, या पानाची एक प्रत मी मागून घेणार आहे बाबांकडून. आमच्या दोघांचा मोठेपणीचा एकही फोटो नाही."

"बरं."

"म्हणजे जरा बघ."

उजेड बघ की आणखी काही, ते तिने सांगितलं नाही. ती गेली.

आईने लग्नातला मूळ फोटो उघडला आणि त्यातला नवरा आणून सदतिसाव्या पानावरच्या नवऱ्याच्या जागी ठेवला, शंभर टक्के. कोटाची घडी दिसू लागली, कानाजवळचा जुना व्रण दिसू लागला. मुलगी शेजारी चपखल बसली. दोघांचं कपाळ सारखं आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिने अडतिसावं पान उघडलं. बोट बराच वेळ कळीवर राहिलं. उरलेलं सगळं निस्तरायला तासभर पुरला असता. पण एवढ्या मोठ्या मनाची ती नव्हती, आणि तसं सोंगही तिला करायचं नव्हतं.

मालकांनी खुर्ची ओढली. चष्मा डोळ्यांवर घेतला, डोकी मोजली, हात मोजले. सदतिसाव्या पानावर थांबले.

"इथे काय भरलेला दिसतो हो नवरदेव. नाहीतर बाकी पानांवर बिचारा पाहुणा वाटतो." त्यांनी दोन पानं मागे जाऊन पाहिलं, दोन पुढे. "सगळीकडे असा करता येईल?"

"नाही."

"का?"

"तिथे मुलगी नाहीये शेजारी."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते उठले. "पाठवा मग छपाईला."

छपाईला पाठवण्याआधी पानावरचे सगळे लेयर एकमेकांत मिसळून टाकावे लागतात. एकदा मिसळले आणि पान बंद केलं की मागे येता येत नाही. सदतिसाव्या पानावर तिने तो हुकूम दिला तेव्हा मध्येच एक चौकोन उघडला. लपवलेला लेयर टाकून द्यायचा का, असं संगणक विचारत होता.

बागेतला तो अख्खा फोटो, बाईसकट, तिने खाली तसाच ठेवला होता. फक्त दिसू नये एवढीच व्यवस्था केली होती.

तिने "हो" दाबलं.

मग अडतिसावं पान उघडलं आणि तोच हुकूम दिला. तिथे तो एकोणसाठ टक्के होता. तिथे संगणकाने काही विचारलं नाही.