साक्षीला निघालेली व्हर्ना

ओहायोतल्या मिलर्स फोर्क गावातली व्हर्ना ह्रबोव्स्की शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गावातून शहरात जाणारी एकुलती एक बस बंद झाली, तेव्हा तिने खासदार क्लेटन रस्क यांच्या कचेरीला फोन करून असं काही झापलं, की तिकडे तिचं नाव कायमचं लक्षात राहिलं.

रस्कसाहेबांनी संसदेत मोठं विधेयक आणलं होतं. रस्ते, रेल्वे, बस, सगळ्यांना भरघोस निधी. समितीपुढे साक्षी व्हायच्या होत्या. साहेबांचा मदतनीस प्रेस्टन याचा फोन आला.

"मॅडम, प्राध्यापक आहेत, ठेकेदार तर ढिगाने आहेत. फक्त सामान्य माणूस कमी पडतोय. तुम्ही वॉशिंग्टनला याल?"

"येईन की. पण कशाने?"

"विमानाने."

"आणि विमानतळापर्यंत?"

"बसने..." प्रेस्टनची जीभ अडखळली. मग एकदम उजळून तो म्हणाला, "रेल्वेने या! रेल्वेचं विधेयक आणि साक्षीदार रेल्वेने. साहेब खूश होतील!"

साहेबांची खुशी म्हणजे काय चेष्टा आहे? व्हर्नाने निळा ड्रेस इस्त्री केला आणि भाषण पाठ केलं. शेजारच्या डेल्बर्टने आपल्या खटाऱ्यातून तिला स्टेशनवर सोडलं. वाटेत खड्डे चुकवता चुकवता तो म्हणाला, "रस्ता कुठला न् खड्डा कुठला, तेवढं विचार गं त्यांना."

गाडी डोंगरात शिरली आणि थांबली. गार्ड सांगत आला, "पुढे कोळशाची मालगाडी आहे. रूळ त्यांच्या कंपनीचे. आपण पाहुणे. ते हलले की आपण हलायचं."

कोळशाला घाई असते, माणसांचं काय, ती बसून राहतात. व्हर्नाने प्रेस्टनला फोन लावला.

"मी फोनवरूनच बोलू का?"

"नियमात बसत नाही, मॅडम. हजेरी प्रत्यक्षच हवी."

फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय बोलणार होतात एवढं?" तेव्हा तिने डब्यातच भाषण केलं. "माझ्यासोबत काम करणाऱ्या रोझेलाने नोकरी सोडली. ती आजारी नव्हती, आळशी नव्हती. तिला कामावर यायला काही नव्हतं, एवढंच." गार्डने टोपी काढली. या विधेयकावरची त्या दिवसातली सर्वोत्तम साक्ष अशी एका आडरानात झाली, आणि तिची नोंद घ्यायला अर्थातच कोणी नव्हतं.

ती पोचली तेव्हा सभागृहातली माणसं पाण्याचे ग्लास गोळा करत होती. रस्कसाहेब दारातच भेटले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"व्हर्ना, खरं सांगू? तुमची रिकामी खुर्ची सगळ्यांपेक्षा जास्त बोलली!"

"छान झालं," व्हर्ना म्हणाली. "मग पुढच्या निवडणुकीत मतही तीच देईल."

साहेब मनापासून हसले आणि "गावासाठी काहीतरी करतोच" असा शब्द दिला. मतदारांचा विनोद त्यांना लगेच कळत असे, मागणी कळायला वेळ लागे.

पुढे विधेयक अडकलं. एका बाजूला रस्ते जास्त हवे होते, दुसरीला रेल्वे जास्त हवी होती, आणि एकही न मिळण्यावर दोघांचं एकमत झालं. मात्र साहेबांनी शब्द पाळला. कुठल्याशा वेगळ्या निधीतून गावात बसथांबा आला. काचेचा, गरम होणाऱ्या बाकाचा, पुढची बस कधी येणार ते सांगणाऱ्या पडद्याचा. पडद्यावर कायम एकच शब्द दिसे: लवकरच.

फीत कापायला साहेब आले. टाळ्या पडल्या.

"थांबा झाला, बस कुठाय?" व्हर्नाने सगळ्यांदेखत विचारलं.

"विधेयकात आहे!" साहेबांनी अभिमानाने सांगितलं.

डेल्बर्ट तिच्या शेजारीच उभा होता. तिथून तो तडक चर्चमध्ये गेला आणि पाद्रीबाबांकडून रविवारी भाविकांची ने-आण करणारी व्हॅन बाकीच्या सहा दिवसांसाठी मागून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थांब्यासमोर उभी राहिली. व्हर्ना चढली, मागोमाग रोझेला. यायची सोय झाली म्हणताच इस्पितळाने तिला परत घेतलं होतं.

"सीट किती गार पडलीय रे, डेल्बर्ट!" रोझेला कुरकुरली.

"बाक गरम आहे की बाहेर. तिथे बसतेस?"

"नको बाबा. तू चल."

डेल्बर्टने गाडी गिअरमध्ये टाकली. व्हर्नाने डबा उघडून दोघांच्या हातावर दालचिनीचा एकेक पाव ठेवला.