पॉपलीनची फणी

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. धामणकर नाक्यावर ही गोष्ट सांगितली, तेव्हा शेअर रिक्षा सीट भरायच्या आधीच सुटली होती. तरी आज सुकन्या हाती लागली. शेजारची पोर, मांडीवर बोका, तोंड एवढंसं. बोका मान लांब करून खोकत होता आणि बाहेर काहीच येत नव्हतं. केसांचा गोळा असणार. खाणं सोडलं किंवा पोट फुगलं तर सरळ डॉक्टर गाठायचा, हे मी तिला आधीच बजावलं. पण बोका खात होता. सकाळी माझ्या सांगण्यावरून उकडलेला भोपळाही चाटून झाला होता. म्हटलं, तू फणी फिरवत राहा, मी सांगतो.

आमच्या थोरल्या बंधूंचा, बाळारामदादांचा, निजामपुऱ्यात लूमचा कारखाना. तिथे माझ्या बायकोची, कौसल्येची, मांजर राहायची, पॉपलीन. पांढरी, लांब केसांची, दिवसभर स्वतःला चाटणारी. चाटलेले केस पोटात जायचे आणि गोळा होऊन उलटीतून बाहेर पडायचे. एवढी फरशी पडली होती, पण बाईसाहेबांना गोळा टाकायला तयार कापडाचा तागाच लागायचा. दादा म्हणाले, आता एक डाग पडला की मांजर गावाबाहेर, पूर्ण्याच्या गोदामात.

कौसल्या मला म्हणाली, "ती गेली तर माझी पण बॅग भरा. मी काय इथं राहनार न्हाय."

मला बॅग भरता येत नाही. म्हणजे मांजर बरी करणं आलं.

शुक्रवार होता, कारखान्याच्या सुट्टीचा वार. लूम बंद, त्यात लाईटही गेलेली. गल्लीत अशी शांतता, की पॉपलीनचा खोकला दादांच्या घरापर्यंत पोचला. संध्याकाळी तागे बघायला येतो, असा त्यांचा निरोप आला. मी ठमाबाईंकडे धावलो. गल्लीतली सगळी मांजरं त्यांच्या दारात जेवतात. त्या म्हणाल्या, लाल भोपळा उकडायचा, मीठ-मसाला काही नको, चमचाभर मासळीत कालवून द्यायचा. पाण्याची वाटी कधी रिकामी ठेवायची नाही. कुंडीतलं गवत खाल्लं तर खाऊ द्यायचं. आणि रोज फणी फिरवायची, केस पोटात जायच्या आधीच निघाले पाहिजेत.

आता लूमवाल्याला फणी म्हटलं तर तो काय आणणार? कापड विणताना उभे धागे ज्या दातांतून जातात, तीही फणीच. मी कोपऱ्यातली जुनी फणी काढली, माणसाएवढी लांब. एक टोक मी धरलं, एक कौसल्येने. पॉपलीनला ती इतकी आवडली, की ती स्वतःच अंग घासत इकडून तिकडे लूममधल्या धोट्यासारखी पळायला लागली. केस आधी गुडघ्याला लागले, मग कमरेला. शेवटी मांजर शोधायला हाका माराव्या लागल्या.

तेवढ्यात आधी चारलेल्या भोपळ्याने आपलं काम केलं. पॉपलीन खोकली, गोळा बाहेर आला, आणि त्याचं टोक माझ्या हाती लागलं. ओढतो तर काय, सूत! कौसल्येने ते कांडीवर गुंडाळून घेतलं. कांड्या भरल्या, टोपली भरली, सूत संपेना. दारात दादांच्या चपला वाजल्या. मी कांडी चढवली, बटण दाबलं, खडखड खडखड, दादा आत येईपर्यंत तागा तयार. त्यांनी हात फिरवला आणि विचारलं, हे कुठलं सूत. मी म्हटलं, इम्पोर्टेड. दादा म्हणाले, मांजर राहू दे, उद्यापासून तिलाही ड्युटी लाव.

सुकन्याची फणी केसांनी गच्च भरली होती. बोक्याने मान लांब केली, दोनदा आचके दिले आणि माझ्या धुतलेल्या लेंग्यावर एक ओला गोळा ठेवला. मी सवयीने टोक शोधायला लागलो. बोका खाली उतरला आणि वाटीतलं पाणी लपालपा प्यायला लागला. पोरीचा चेहरा उजळला. तिने मला पुसायला फडकं दिलं, आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"केसरीनाथकाका, भोपळा खरा, फणी पण खरी. पण लाईट गेलेली ना? मग बटण दाबून लूम चालली कशी?"